मांडवाला बांधलेली तार

चंदू वायरमनबद्दल लिहायचं तर मला आधी स्वतःबद्दल लिहावं लागतं, आणि तिथंच माझी गाडी अडते. तीस वर्षं ग्रामपंचायतीत कारकुनी केली. दाखले लिहिले, ठराव लिहिले, कुणाचं काय चुकलं ते तर फार सुवाच्य अक्षरात लिहिलं. स्वतःची चूक लिहायची वेळ आली ती आता, अडुसष्टाव्या वर्षी. तेव्हा आढेवेढे न घेता सांगून टाकतो: माझ्या सुनेचा हात भाजला तो माझ्यामुळे, आणि बदनाम झाला चंदू.

चंदू महाडचा. शहराच्या कडेला बौद्धवाडीत त्याचं घर, बायको गीताबाई, एक मुलगा विपुल. वय पन्नाशीचं, अंगानं काटकुळा, शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर. आयटीआय करून तो आधी एका कंपनीत लागला होता. तिथं त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या जोडीदाराला एका मोटरचा शॉक बसला. जोडीदार वाचला, पण त्याचे दोन्ही हात कामातून गेले. चंदूनं नोकरी सोडली आणि घरगुती वायरिंग सुरू केलं, आणि तेव्हापासून त्याला अर्थिंगचं, म्हणजे गळकी वीज तारेनं जमिनीत उतरवायचं, वेड लागलं. दुसरे वायरमन बोर्ड लावतात, दिवा पेटवून दाखवतात आणि चहा पिऊन जातात. हा माणूस आधी घराभोवती फिरून जमीन बघायचा, मग घरात यायचा. आमच्या गावात त्यावरून त्याची टिंगल व्हायची. “विहीर खणायला आलास का रं चंदू?” असं मीच कितीदा विचारलं असेल. तो हसायचा आणि जमीन बघत राहायचा.

आमचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत. दोन वर्षांपूर्वी मुलगा यशराज आणि सून अक्षदा मुंबई सोडून घरी आले. यशराजला महाडच्या एमआयडीसीत काम मिळालं. अक्षदा मुंबईत केक करायला शिकली होती. इथं आल्यावर तिनं ठरवलं की पोलादपूर-महाडच्या वाढदिवसांचे केक आपणच करायचे. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी घरात एक भला मोठा विजेचा ओव्हन आला आणि त्याच्याबरोबर काचेची, बटण फिरवलं की आपोआप पेटणारी गॅसची शेगडी. तिला ती हॉब म्हणते. माझी बायको रंगूबाई पहिले चार दिवस त्या काचेवर पातेलं ठेवायलाच घाबरत होती.

ओव्हन आणणाऱ्यानं सांगितलं, असलेल्या पॉइंटवर लावा, चालतंय. अक्षदानं ऐकलं नाही. तिनं चंदूला बोलावलं.

चंदूनं तीन दिवस घेतले. ओव्हनसाठी मीटरपासून वेगळी जाड वायर ओढली, वेगळा स्विच दिला. शेगडीच्या ठिणगीसाठी छोटा पॉइंट दिला, तोही गॅसच्या नळीपासून लांब. मीटरपाशी एक डबी बसवली. वीज कुठं गळायला लागली तर ही डबी क्षणात सगळ्या घराची वीज तोडते, असं त्यानं अक्षदाला समजावून सांगितलं आणि तिच्याकडूनच तिचं बटण दाबून घेतलं. मग तो त्याच्या आवडत्या कामाला लागला.

आमच्याकडे हातभर खणलं की कातळ लागतो. खोल माती एकाच ठिकाणी, अंगणाच्या पूर्वेच्या कडेला. अंगणाला आम्ही खळं म्हणतो. तिथं त्यानं पुरुषभर खड्डा घेतला, पत्रा पुरला, कोळसा आणि मीठ भरलं, आणि तिथून जस्ताची जाड तार पाइपातून, जमिनीखालून, घराच्या भिंतीपर्यंत आणली. मी ओट्यावर बसून बघत होतो.

“तात्या,” तो हात झटकत म्हणाला, “दिवाळीनंतर खळं कराल ना, तवा या बाजूला पहार लावू नका. आणि उन्हाळ्यात खड्ड्यात दोन-चार कळश्या पाणी वतत जा.”

“हो रं बाबा,” मी म्हणालो. मी तेव्हा पेपर वाचत होतो.

आता ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावसाळ्यात खळ्याचा पार चिखल होतो. दिवाळी झाली की ते खणायचं, सारखं करायचं, चोपायचं, शेणानं सारवायचं आणि वर मांडव घालायचा. पुढचे सात महिने सगळा संसार त्या मांडवाखाली. माझं खळं गावात एक नंबरचं, हा माझा वर्षानुवर्षांचा माज. मजूर मिळतो, पण मांडवाच्या मेढी, म्हणजे खांब, पुरायचे खड्डे मी स्वतः घेतो. नोव्हेंबरात मी पहार घेतली आणि पूर्वेच्या कडेला तिसऱ्या मेढीचा खड्डा घ्यायला लागलो. ती मेढ तिथंच लागते, गेली चाळीस वर्षं तिथंच आहे. पहार खाली गेली आणि कट्‌ आवाज झाला. पाइप फुटला होता, आतली तार तुटली होती.

मला चंदूचं बोलणं आठवलं का? आठवलं. खोटं कशाला बोलू? आठवलं, आणि मी घरात जाऊन दिवा लावून बघितला. लागला. पंखा फिरला. फ्रिज गुरगुरत होता. मग मी विचार केला की जी तार तुटूनही घरातलं काही बंद पडत नाही ती तार करते तरी काय? नुसती जमिनीत जाऊन बसलेली. चंदूचं खूळ, दुसरं काय. आणि तार होती मात्र झकास. आठ नंबरची, जस्ताची, नवी कोरी. दरवर्षी मांडवाला सुंभ बांधतो तो जानेवारीतच कुजायला लागतो. मी भिंतीपाशी पक्कडीनं ती तार तोडली, ओढून काढली, आणि मांडवाच्या चारी कोपऱ्यांना तिचे वेढे दिले. खड्डा बुजवला, खळं सारवलं. त्या वर्षी मांडव इतका घट्ट बसला की येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तो हलवून दाखवायचो.

चार महिने काही झालं नाही. अक्षदाचे केक पोलादपूरच्या बाजारापर्यंत पोचले. नानखटाईला तर महाडहून माणसं यायची.

मग शिमगा आला. होळीच्या दिवशी घरात पुरणपोळी आणि शेगडीवर कटाची आमटी उकळत होती. अक्षदानं ओव्हनमध्ये नानखटाई लावली. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. ती अनवाणी होती. तिनं सांडशीनं आमटीचं पातेलं धरलं आणि तिला जोराचा झटका बसला. त्याच क्षणी घरातली वीज गेली. पातेलं तिच्या उजव्या हातावर आणि पायावर उपडं झालं. तिची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. यशराजनं तिला उचलून पोलादपूरच्या दवाखान्यात नेलं. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गेली होती.

मी काय केलं? मी घरभर ओरडत फिरलो. “त्या चंदूनं काय करून ठेवलंय बघा! तीन दिवस घेतलेन, आणि ही त्याची वायरिंग!” मला खरंच तसं वाटत होतं का? त्या वेळी वाटत होतं. तार माझ्या मनातही आली नाही, किंवा आली असेल तर मी तिला उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी धुळवड. आमच्याकडे धुळवडीला गावातली पोरं दारोदार फिरतात आणि ज्याच्यावर राग असेल त्याच्या नावानं तोंडावर हात मारत बोंब ठोकतात. बहुतेक सगळी थट्टाच असते. आमच्या दारात पोरं आली आणि कुणीतरी विचारलं, “तात्या, यंदा कुणाच्या नावानं?” मी खळ्याच्या मधोमध उभा राहिलो आणि म्हणालो, “चंदू वायरमनच्या!” आणि पहिली बोंब मीच मारली. पोरांनी उचलून धरली. सगळ्या आळीतून ती गेली. कुणीतरी मोबाइलवर काढून पुढं पाठवली आणि संध्याकाळपर्यंत ती महाडला पोचली.

तिसऱ्या दिवशी चंदू आला. चवदार तळ्याच्या कार्यक्रमाचे दिवस, तिथल्या मंडपांच्या लायटिंगचं काम त्याच्याकडे असतं. ते अर्धं टाकून आला होता. त्यानं बोंबेचा विषय काढला नाही. आधी अक्षदाची चौकशी केली, मग स्वयंपाकघरात गेला, ओव्हन उघडला, मीटर बघितला. मग बाहेर आला, भिंतीपाशी वाकला, तारेचं तुटकं टोक बोटानं चाचपलं. तिथून तो जमिनीकडे बघत चालत खड्ड्यापर्यंत गेला. तिसऱ्या मेढीपाशी थांबला. आणि मग त्यानं मान वर केली.

मी मांडवाखाली खुर्चीत बसलो होतो. त्यानं चारी कोपरे बघितले, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा तोंड सोडणार. मी भांडायच्या तयारीत बसलो होतो.

“तार चांगली बसलीय, तात्या,” तो म्हणाला.

बस्स, एवढंच. जीभ टाळूला चिकटली होती असं म्हणतात ना, ती काही चिकटली नव्हती. बोलता येत होतं. मी बोललो नाही.

त्यानं मोटरसायकलवरून नवी तार आणली, माती उकरून जोडली, ओव्हनची आतली तडकलेली कॉइल काढून ठेवली. यशराजला समजावून सांगताना मी ऐकलं. अर्थिंग शाबूत असती तर ओव्हन लावल्याबरोबर डबी पडली असती, कुणाला कळलंही नसतं. अर्थिंग तुटल्यामुळे वीज ओव्हनमधून घरातल्या अर्थिंगच्या वायरीनं शेगडीच्या पत्र्यात जाऊन बसली आणि माणसाची वाट बघत राहिली. झटका बसताच डबी पडली, म्हणून ताई वाचल्या. “तुटली कशी?” यशराजनं विचारलं. “जमिनीतलं काम हाय,” चंदू म्हणाला, “पहार-कुदळ लागतेच कवातरी.” माझं नाव त्यानं घेतलं नाही.

तेव्हा तरी मी उठून बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी त्याहून वाईट गोष्ट केली.

दुसऱ्याच दिवशी हिरकणीवाडीहून माझ्या मावसभावाचा, सोमाचा फोन आला. रायगडावर जाणाऱ्यांसाठी त्याची खानावळ आहे. तो आणि त्याचे पाच शेजारी नवी स्वयंपाकघरं बांधत होते आणि सगळ्यांचं वायरिंग चंदूला द्यायचं ठरलं होतं. सहा घरांचं काम, म्हणजे चंदूचा पावसाळा निघाला असता. “तो व्हिडिओ बघितला, दादा,” सोमा म्हणाला. “खरं काय? देऊ का काम?”

मला खरं ठाऊक होतं. मांडवाखालीच उभा होतो, डोक्यावर ती तार होती. मी म्हणालो, “बघ बाबा. आमच्याकडं तर असं झालं.”

यात एकही शब्द खोटा नाही. कारकुनी केलेल्या माणसाला असं वाक्य बरोबर सुचतं. सोमानं काम दुसऱ्याला दिलं. त्याचं बघून इकडच्या दोन गावांनीही दिलं.

त्यानंतर मला महाडला जायची चोरी झाली. बाजारात लांबून चंदू दिसला की मी वाट बदलायचो. एकदा तो समोरून आलाच, तर मी शेजारच्या बांगड्यांच्या दुकानात शिरलो आणि दुकानदारीण “कुणासाठी, आजोबा?” म्हणून विचारत राहिली. रंगूबाईसाठी मापाच्या नसलेल्या डझनभर हिरव्या बांगड्या घेऊन मी घरी आलो. तिला वाटलं म्हातारा लाडात आलाय. मांडव तर मी मे महिन्यात उतरवला तेव्हा ती तार वेटोळं करून विहिरीमागच्या झुडपात फेकून दिली. फेकून काय होतंय! रोज सकाळी अक्षदा माझ्यापुढं चहाचा कप ठेवायची आणि तिच्या हातावरचा तो गुलाबी, आक्रसलेला पट्टा माझ्या डोळ्यांसमोर यायचा. उजव्या हाताची मूठ पुरती वळत नव्हती म्हणून तीन महिने तिचे केक बंद होते. त्या तीन महिन्यांत तिनं माझ्या एकाही चहात कमी-जास्त केलं नाही.

गणपती झाले. चिपळूणची माझी बहीण परत निघाली, तिला गाडीत बसवायला मी वीर स्टेशनला गेलो. गाडी गेली आणि मी वळलो, तर बाकड्यावर चंदू. पायाशी हत्यारांची पिशवी, शेजारी कपड्यांची.

त्यानंच हाक मारली. “नमस्कार, तात्या. बरं हाय ना?”

पळायला जागा नव्हती. “कुठं निघालास?” मी विचारलं.

“पनवेलला. एका कॉन्ट्रॅक्टरकडं लागलोय. हेल्पर म्हणून.” तो सहज म्हणाला. “इकडं काम नाय आता.”

पन्नाशीचा हा माणूस. दोन तालुक्यांत ज्याच्या हाताखाली पोरं वायरमन झाली तो आता पनवेलला कुणाला तरी पक्कड आणून देणार. मी त्याच्या शेजारी बसलो.

“विपुल?” मी विचारलं. विपुल तेवीस वर्षांचा, दोन वर्षं बापाबरोबर कामाला जायचा.

“तो आता माझ्यासंगं येत नाय. त्याला वाटतं बापानं हयगय केलीन आणि एक बाई भाजली.”

“तू सांगितलं नाहीस त्याला?”

“सांगितलं असतं तर तो तुमच्या दारात उभा राह्यला असता. डोकं गरम हाय त्याचं. तुमच्या आळीतली पोरं आली असती, आमच्या वाडीतली आली असती. मग विषय तारेचा राह्यला नसता, तात्या.”

लाज वाटते म्हणजे काय होतं ते मला त्या बाकड्यावर कळलं. मी हात जोडले. “चंदू, माझं चुकलं. तार मी तोडली. मीच मांडवाला—”

“मला कशाला सांगताय?” पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. “मला ठाऊकच हाय. जिथं बोंब मारलीत तिथं सांगा.”

पनवेलवरून दिव्याला जाणारी गाडी आली. त्यानं दोन्ही पिशव्या उचलल्या आणि तो चढला. मागं वळून बघितलं नाही.

घरी आलो तर अक्षदा स्वयंपाकघरात ओट्यापाशी मैदा चाळत होती. मी दारातच उभा राहून एका दमात सगळं सांगितलं. ती चाळत राहिली.

“ठाऊक हाय मला,” ती म्हणाली. “चंदूदादांनी त्याच दिवशी सांगितलंन. मी म्हटलं, मी सांगते सगळ्यांना. तर म्हणाले, ताई, तुम्ही बोललात तर लोक म्हणतील चंदूनं सुनेला पढवलंन. तात्यांच्या तोंडून येऊ दे. येईल ते.”

“आणि तू इतके दिवस—”

“मी वाट बघत होते, मामा.”

तिनं चाळणी झटकली आणि अंडी काढायला फ्रिजकडे गेली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी देवळात नवरात्राची बैठक होती. सगळी आळी जमली. लायटिंगचा विषय निघाला तसा मी उभा राहिलो. तार, पहार, पक्कड, मांडव, सोमाचा फोन, सगळं क्रमानं सांगितलं, आणि चंदूचं काम चोख होतं, त्याच्याच डबीनं माझी सून वाचली, हेही सांगितलं. मागून एक म्हातारा म्हणाला, “एवढ्यासाठी उभा राह्यलास होय, सदू? जाऊ दे की आता. तो काय आपल्यातला हाय?” दोघं-तिघं हसले. सहा महिन्यांपूर्वी मीही हसलो असतो.

बायकांच्या बाजूनं अक्षदा उठली. तिनं पदर मागं सारून उजवा हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि तशीच उभी राहिली. हसणं थांबलं. धुळवडीला माझ्यामागं ओरडलेली पोरं खाली बघायला लागली. त्यांतल्याच एकाला मी म्हटलं, माझं हे बोलणंही मोबाइलवर घे आणि तो व्हिडिओ जिथं जिथं गेला तिथं तिथं धाड. मी परत पहिल्यापासून बोललो. दुसऱ्यांदा बोलणं जास्त अवघड गेलं.

सोमाला फोन केला. तो म्हणाला, “दादा, काम तर झालं सगळं. आता काय करू?”

एक फोन राहिला होता. तो मी घरी येऊन, ओट्यावर बसून लावला. विपुलनं उचलला. मी माझं पूर्ण नाव आणि गाव सांगितलं. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर परत सुरू करता आलं नसतं. तार कुणी तोडली, का तोडली, तुझ्या बापानं कशी बघितली, सगळं सांगितलं. वीरच्या स्टेशनावर मी त्याच्यापुढं हात जोडले तेही सांगितलं.

“बाबांना पहिल्यापासून ठाऊक होतं?” त्यानं विचारलं.

“होय.”

“मग ते मला का नाय बोलले? मी त्यांना काय काय बोललो. जेवताना, पावन्यांसमोर. डबा फेकला मी त्यांचा एकदा. ते खाली मान घालून ऐकत बसायचे.”

“मी बोलेन म्हणून थांबले ते,” मी म्हणालो.

“सहा महिने?”

मी होय म्हणालो. त्यानं फोन ठेवला.